पदवीनंतर पुन्हा पहिले वर्ष

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला की पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन्ही काठांवर माणसे गोळा होऊ लागतात. पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते, त्यावर झेंडा असतो. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. आणि मग सुरू होते ती गोटमार. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काही वर्षी जीवही गेले आहेत. या प्रथेच्या बऱ्यावाइटाविषयी लिहायचे तर तो निराळाच लेख होईल. मला सांगायचे आहे ते नदीपासून थोड्या अंतरावर त्या दिवशी उभारलेल्या उपचारकेंद्रांविषयी. रक्ताने माखलेला माणूस तेथे आणला जातो तेव्हा त्याचे डोके प्रथम ज्या हातांत येते, ते बहुधा परिचारिकेचे हात असतात. जखम धुवायची, दाब देऊन रक्त थांबवायचे, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे, आणि हे सारे करताना ‘नाव काय तुझे? गाव कोणते?’ असे विचारीत त्याच्या शुद्धीवर लक्ष ठेवायचे. आमच्या भागाने हे हात पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. परंतु ते पाहून ‘आपल्याही मुलीने हे काम शिकावे’ असे म्हणणारी घरे मला फारशी भेटली नाहीत.

माझ्या माहेरी, सौंसरला, हा प्रश्न मध्यंतरी दारातच येऊन उभा राहिला. माझ्या भावाच्या मुलीने बारावीला जीवशास्त्र घेतले होते. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत यश आले नाही, तेव्हा चारचौघींप्रमाणे तिने बी.ए. केले, विषय समाजशास्त्र. पदवीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात माझी आई अंगणात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. आमच्याकडचे मोठे दुखणे नागपूरलाच जाते. तेथे शस्त्रक्रिया झाली आणि आईजवळ राहण्याचे काम रिकाम्या बसलेल्या भाचीकडे आले.

त्या पंधरा-वीस दिवसांत तिने जे पाहिले ते तिच्या बी.ए.च्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. दर दोन तासांनी रोग्याची कूस का बदलायची, टाचा आणि माकडहाड यांवरची कातडी लाल दिसली तर ते शय्याव्रणाचे पहिले चिन्ह कसे असते, हे तिने रात्रपाळीच्या सिस्टरकडून शिकून घेतले. एका पहाटे आई म्हणाली की पोटरी फार दुखते. आम्ही घरची माणसे म्हटली असती, ‘या वयात दुखायचेच.’ सिस्टरने दोन्ही पोटऱ्या निरखून पाहिल्या, एक अधिक सुजलेली आणि गरम लागली, आणि तिने तत्काळ डॉक्टरांना बोलावले. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. अशी गुठळी सरकून फुप्फुसात गेली तर माणूस क्षणात जाऊ शकतो. वेळेवर औषध सुरू झाले आणि आई घरी परतली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी भाची मला म्हणाली, “आत्या, मला नर्सिंगला जायचे आहे. बाबांना तू सांग.” मी सांगण्याआधीच ते आईच्या कानी गेले. पलंगावरूनच ती म्हणाली, “एवढं शिकली नं आता काहून लोकायची शेजपथारी करायला चालली वं?”

परदेशातून आलेला सल्ला

सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नसते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका नातलगांचा फोन आला. त्यांच्या मुलीने वाणिज्य शाखेची पदवी घेऊन नंतर दीड वर्षात परिचर्येची पदवी मिळवली होती. ‘पदवी आहे ना? मग दीड वर्षाचा तर प्रश्न,’ असे ते म्हणाले आणि घरातील विरोध निम्मा मावळला. दुर्दैवाने तो चुकीच्या माहितीवर मावळला होता.

त्यांचे म्हणणे त्यांच्या देशापुरते खरे आहे. पहिल्या महायुद्धात परिचारिकांची टंचाई पडली तेव्हा १९१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील व्हासर कॉलेजात एक शिबिर भरले. निरनिराळ्या महाविद्यालयांतून इतर विषयांच्या पदव्या घेतलेल्या चारशेहून अधिक तरुणी तेथे आल्या. बारा आठवडे त्यांना शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, आहारशास्त्र असे मूळ विषय शिकवले आणि मग रुग्णालयांतील प्रशिक्षणाच्या तीन वर्षांऐवजी त्यांना दोनच वर्षे लागतील अशी योजना केली. पदवीधर माणसाला अभ्यासाची सवय असते, ती जमेस धरावी, असा त्यामागचा विचार. पुढे १९३४ पासून येल विद्यापीठाने परिचर्येच्या शिक्षणासाठी आधी पदवी असणे आवश्यकच केले. सेंट लुई विद्यापीठाने १९७१ साली इतर शाखांच्या पदवीधरांसाठी परिचर्येचा संक्षिप्त पदवी अभ्यासक्रम काढला, आणि आज तेथे असे अभ्यासक्रम साधारण अकरा ते अठरा महिन्यांत पुरे होतात.

आपल्याकडे मात्र असा जवळचा रस्ता नाही. बी.ए., बी.कॉम. किंवा अन्य बी.एस्सी. झालेल्या व्यक्तीला परिचर्येत यायचे तर बारावी झालेल्या मुलामुलींच्या शेजारी, पहिल्या वर्षाच्या बाकावर बसावे लागते. आधीच्या पदवीबद्दल एक सत्रही कमी होत नाही. ही गोष्ट घरातील प्रत्येकाने प्रथम नीट समजून घ्यावी. कारण ‘दीड वर्षात होते’ असे सांगून पैसे घेणारे लोक प्रत्येक शहरात आहेत.

येथील वाटा

आपल्या देशात विद्यापीठाची परिचर्या पदवी सुरू झाली १९४६ साली. दिल्लीच्या परिचर्या महाविद्यालयात आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात. आजची बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची, आठ सत्रांची आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या नियमावलीत प्रवेशाचे वय सतरा ते पस्तीस असे दिले आहे. म्हणजे बाविसाव्या वर्षी कोणी उशिरा आले असे नियम तरी म्हणत नाही. राज्याच्या प्रवेशपरीक्षेची वयोमर्यादा याहून कमी असू शकते, तेवढे मात्र पाहून घ्यावे.

दुसरी वाट जनरल नर्सिंगची, म्हणजे जी.एन.एम.ची; ती तीन वर्षांची. परिषदेच्या नियमांप्रमाणे कला शाखेतून बारावी झालेल्यांनाही ती खुली आहे, परंतु काही राज्ये तेथेही विज्ञान विषयांची अट घालतात. जी.एन.एम.नंतर दोन वर्षांची ‘पोस्ट बेसिक’ बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते. ज्यांनी बारावीला विज्ञान घेतलेच नव्हते आणि ज्यांना थेट पदवीच हवी आहे, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून विज्ञान विषयांसह बारावी करता येते. ती परीक्षा परिषद ग्राह्य धरते. दोन वर्षांची ए.एन.एम. ही तिसरी वाट. गावपातळीवरील माता-बालकांच्या सेवेसाठी ती आखलेली आहे. यांखेरीज ‘सहा महिन्यांत नर्स’ करणारी जी प्रमाणपत्रे विकली जातात, त्यांच्या आधारे राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदवता येत नाही. आणि नोंदणीवाचून कोणी परिचारिका होत नाही.

भाचीला जीवशास्त्र होते, म्हणून तिचा विचार पदवीकडे वळला. पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम आम्ही काढून पाहिला. त्यात शरीररचना, शरीरक्रिया आणि परिचर्येची मूलतत्त्वे यांच्या जोडीला समाजशास्त्र आणि मानसशास्त्र हेही विषय होते. ती हसून म्हणाली, “बाबा, बी.ए. अगदीच वाया नाही गेले.” भाऊ हसला नाही. तो बोटांवर वर्षे मोजत होता. बावीस आणि चार, सव्वीस.

उशिरा आलेल्यांचा वारसा

भावाच्या मनातील हिशेब मी समजू शकत होते. तरी मी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली, ती वाचकांनाही सांगते.

मुंबईत कामा रुग्णालय १८८६ साली उघडले. १८९१ साली बाई काशीबाई गणपत या परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी आल्या. पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. परंतु मध्यमवर्गीय मराठी घरांतून या कामाकडे येण्याची वाट मोकळी केली ती पुण्याच्या सेवासदनाने. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले, आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या व सुईणपण शिकण्यासाठी पाठवल्या. त्यांत विधवा अनेक होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, सोवळेओवळे सोडायचे, रात्री घराबाहेर राहायचे. त्या काळी यांतील एकेक गोष्ट माणसाला वाळीत टाकण्यास पुरेशी होती. संस्थेने त्यांच्यासाठी वेगळ्या वसतीची सोय केली आणि त्या स्त्रिया उभ्या राहिल्या.

त्यांपैकी कोणीही सतराव्या वर्षी आवड म्हणून प्रवेशअर्ज भरला नव्हता. आयुष्याचा एक डाव मोडल्यावर दुसरा मांडण्यासाठी त्या आल्या होत्या. घर चालवण्याचा, आजारी माणसांचे करण्याचा, दुःख गिळण्याचा अनुभव घेऊन त्या वॉर्डात उभ्या राहिल्या, आणि तोच त्यांच्या कामी आला. परिचर्येकडे ‘दुसऱ्या फेरीत’ येणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आपल्या मराठी परंपरेत बहुधा सुरुवातच तशी झाली आहे.

आणि गरज किती होती? नाशिकचे सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली सरकारला अहवाल दिला. त्या वेळी साऱ्या हिंदुस्थानात सुमारे सात हजार परिचारिका होत्या. म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. आज संख्या कितीतरी पटींनी वाढली आहे, तरी रात्रीच्या वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात, हे ज्याने रुग्णाशेजारी रात्र काढली आहे त्याला सांगावे लागत नाही.

घरातील आक्षेप

पहिला आक्षेप कामाच्या दर्जाचा. मलमूत्र काढावे लागते, हे खरेच आहे. परंतु ते काढताना त्याचा रंग, त्याचे प्रमाण पाहून मूत्रपिंडाचे काम नीट चालले आहे की नाही हे ओळखायचे असते, ही त्यातली विद्या. आपण कामाचा हात पाहतो. त्यामागचे डोळे पाहत नाही. माझ्या आईची पोटरी ज्या डोळ्यांनी पाहिली, ते काही आपोआप तयार झाले नव्हते.

दुसरा आक्षेप रात्रपाळीचा आणि लग्नाचा. यावर गोड बोलून उपयोग नाही. पाळ्यांची नोकरी संसाराला जड जाते. सणावारी सारे घर जेवायला बसलेले असताना घरची सून वॉर्डात असते. स्थळ पाहताना हे लपवू नये. ज्या घराला हे पटत नाही ते घर आधीच कळलेले बरे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत खरा. चार वर्षांचे शुल्क, वसतिगृह, आणि त्या चार वर्षांत न झालेली कमाई, असा तिहेरी खर्च आहे. शासकीय जागा मिळाली तर भार हलका. खाजगी असेल तर बागेचा एक-दोन वर्षांचा संत्र्यांचा पैसा त्यात जातो. पुढे शासकीय नोकरी मिळाली तर वेतन सन्मानाचे आहे. खाजगी रुग्णालयांचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेचे वेतन महिना वीस हजारांहून कमी नसावे. शिफारस आणि आचरण यांत किती अंतर आहे, हे नोकरी शोधणाऱ्या मुली सांगतात. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. तिशीत येऊ घातलेल्या पदवीधराला तर हा हिशेब दोनदा करणे भाग आहे.

जमेच्या बाजूला काही गोष्टी नव्या आहेत. २०१८ पासून गावोगावच्या उपकेंद्रांचे आरोग्यकेंद्रांत रूपांतर सुरू झाले. तेथे सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून परिचर्येचे पदवीधर नेमले जातात. रक्तदाब, मधुमेह यांची तपासणी, गरोदर स्त्रियांची देखरेख, औषधे देणे अशी जबाबदारीची कामे त्यांच्याकडे असतात. अशा ठिकाणी समाज थोडाफार समजलेली पदवीधर मुलगी लवकर रुळते.

सीमेवरच्या घराची अडचण

आमच्या भागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसर यांच्या घरांत मराठी, बाजारात मराठी, सोयरीक नागपूर-अमरावतीकडची. कागद मात्र हिंदीत. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी राज्य बदलले नाही. रुग्ण म्हणून आपण सहज नागपूरला जातो. विद्यार्थी म्हणून जाऊ लागलो की अधिवासाचा दाखला आडवा येतो. महाराष्ट्रातील राज्याच्या वाट्याच्या जागा तेथील रहिवाशांसाठी असतात. म्हणून आमच्या मुलींनी प्रथम मध्य प्रदेशाच्या प्री-नर्सिंग परीक्षेचा विचार करावा, आणि नागपूरकडे पाहायचेच असेल तर कोणत्या जागा बाहेरच्यांना खुल्या आहेत ते लेखी विचारावे.

मध्य प्रदेशातही डोळे उघडे ठेवावे लागतात. अनेक नर्सिंग महाविद्यालये पुरेशी इमारत, शिक्षक वा रुग्णालय नसताना मान्यता मिळवून बसली आहेत, अशी तक्रार २०२२ साली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली; २०२४ साली त्या चौकशीतीलच काही अधिकारी लाचेच्या आरोपावरून पकडले गेले. या साऱ्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे लांबल्या. अठराव्या वर्षी दोन वर्षे वाया गेली तर माणूस सावरतो. एक पदवी घेऊन बाविसाव्या वर्षी आलेल्या मुलीला ती परवडत नाहीत. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात: परिषदेच्या आणि राज्याच्या यादीत त्या वर्षासाठी महाविद्यालयाचे नाव आहे काय, शिकण्यासाठी जोडलेले रुग्णालय खरोखर चालते काय, त्याच्या खाटांवर रुग्ण आहेत काय, आणि मागील तुकडीच्या परीक्षा वेळेवर झाल्या काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात नव्हे, वसतिगृहातील मुलींकडे मिळते. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे. तेव्हा नियम बदलत राहतील हेही ध्यानी असू द्यावे, आणि त्या वर्षीची नियमपुस्तिकाच प्रमाण मानावी.

सीमेवर राहण्याचा एक लाभही आहे, तो आपण मोजत नाही. आमच्या मुली मराठी आणि हिंदी दोन्ही सहज बोलतात. नागपूरच्या वॉर्डात बैतूल-छिंदवाड्याकडची हिंदी बोलणारी म्हातारी आणि शेजारच्या खाटेवरची काटोलची मराठी बोलणारी बाई, दोघींनाही ‘दुखणे नेमके कुठे आहे’ हे सांगता येते ते अशाच मुलीपाशी. वेदना माणूस आपल्या बोलीतच नीट सांगतो. ही पदवी कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नाही.

आईचा प्रश्न

भावाने पावसाळ्यापर्यंत निर्णय लांबवला. मग एका संध्याकाळी तो स्वतःच भाचीला घेऊन दोन महाविद्यालये पाहून आला. पहिल्या ठिकाणी वसतिगृहातील मुलींशी बोलून दोघे परतले आणि त्या महाविद्यालयाचे नाव पुन्हा घरात निघाले नाही. दुसऱ्या ठिकाणी रुग्णालय भरलेले होते. आता ती पहिल्या वर्षात आहे. वर्गातल्या मुली तिला ताई म्हणतात. सुरुवातीला तिला ते बोचले, आता परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच मुली तिच्या खोलीत अभ्यासाला जमतात. शरीररचना तिला जड जाते. मागच्या सुटीत ती रात्री दोनपर्यंत हाडांची नावे घोकत होती.

त्याच सुटीत आई काठी टेकत तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “ते नागपूरची सिस्टर होती नं, जिनं माहा पाय पाह्यला, तिच्या आजीनंबी नाहीच म्हटलं असंन का वं?”

भाचीने काय उत्तर दिले ते मला माहीत नाही. परंतु ज्या घरांत आज हा प्रश्न दारात उभा आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी तो स्वतःला एकदा विचारून पाहावा, एवढीच विनंती. हिशेब कडक करावा, कागद तपासावेत, चार वर्षांना चारच म्हणावे, दीड म्हणू नये. आणि एवढे करूनही मुलगी ‘जाते’ म्हणाली, तर तिला पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसू द्यावे.